शेतमालाच्या वाटेचे मोजमाप

शेतात किती पिकले याची पद्धतशीर मोजदाद करण्याची परंपरा आपल्या देशात आता चांगली रुजलेली आहे. परंतु पिकलेला माल बांधावरून निघून ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत वाटेत त्याचे काय होते, किती वेळ जातो, किती वजन घटते आणि कोणत्या टप्प्यावर घटते, हे अद्याप बहुतांशी अंदाजानेच सांगितले जाते. शेतमालाची साठवण, वाहतूक व विक्री यांच्या एकत्रित व्यवस्थेस आज पुरवठा साखळी असे नाव रूढ झाले आहे. या साखळीचे व्यवस्थापन शिकविणारे अभ्यासक्रम निघाले, शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या, शीतगृहे व कांदाचाळी यांस अनुदान मिळू लागले. तथापि या साखळीविषयी संशोधन कसे करावे, म्हणजे प्रश्न कसा मांडावा, नमुना कसा निवडावा आणि मोजमाप कसे घ्यावे, हे शिकण्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही उणीव केवळ विद्यापीठांपुरती नाही. तिची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

पीककापणी प्रयोगांचा धडा

या बाबतीत मार्गदर्शन शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक नमुना पद्धतीने घेण्याच्या कामी मोलाची भर घातली. कृषि-कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि कृषि महाविद्यालयांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. त्या काळात एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेवरची रोपे नकळत आत धरली जातात आणि उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक दिसते. अशी चूक नमुन्यांची संख्या वाढवून दूर होत नाही. हजार तुकडे चुकीच्या रीतीने कापले, तर तीच चूक हजार वेळा होते.

हाच धडा मालमोटारीस तंतोतंत लागू पडतो. गाडीतील वरच्या थरातील क्रेट सहज हाती येतात म्हणून तेवढेच तपासले, तर तळाशी दबलेल्या टोमॅटोची हानी नोंदीत येणारच नाही. कोणता क्रेट तपासावयाचा हे गाडी भरण्यापूर्वी चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि त्यावर खूण करावी. एवढी साधी शिस्त पाळली, तर निष्कर्षाला आधार येतो.

ऐकीव आकडे आणि मोजलेले आकडे

फळे व भाजीपाला यांपैकी तीस ते चाळीस टक्के माल वाया जातो, असे विधान सभा-संमेलनांतून वारंवार केले जाते. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने १२० जिल्ह्यांत पाहणी करून २०१५ साली जो अहवाल दिला, त्यात परिमाणात्मक हानी तृणधान्यांत ४.६५ ते ५.९९ टक्के आणि फळे व भाजीपाला यांत ४.५८ ते १५.८८ टक्के आढळली. सर्वांत अधिक हानी पेरूत, म्हणजे १५.८८ टक्के होती. टोमॅटोत ती १२.४४ टक्के होती. हे आकडेही लहान नाहीत. देशाच्या पातळीवर त्यांचे मूल्य हजारो कोटी रुपयांत जाते. परंतु चाळीस टक्के आणि बारा टक्के यांत जे अंतर आहे, त्यावर शीतगृह बांधावे की न बांधावे, किती क्षमतेचे बांधावे आणि त्याचे कर्ज किती वर्षांत फिटेल, हे सारे अवलंबून असते. चाळीस टक्के हानी वाचेल या भरवशावर बांधलेले शीतगृह प्रत्यक्षात बारा टक्केच वाचवू शकत असेल, तर त्याचा हप्ता सभासदांच्या खिशातून जातो.

येथे आणखी एक विवेक आवश्यक आहे. वरील आकडे नष्ट झालेल्या मालाचे आहेत. माल नष्ट न होता केवळ मलूल झाला व कमी भावाने गेला, तर ती हानी त्यात धरलेली नाही. हानी म्हणजे काय, हे आधी ठरविल्याशिवाय ती मोजता येत नाही. संशोधन पद्धतीचा हा पहिलाच पाठ होय.

कांदाचाळीचे उदाहरण

उन्हाळी कांदा चाळीत ठेवणाऱ्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : आता विकावा की थांबावे? समजा, मे महिन्यात क्विंटलला १,२०० रुपये भाव आहे आणि शंभर क्विंटल कांदा चाळीत टाकला. काही महिन्यांनी त्यातील ७५ क्विंटल विक्रीयोग्य उरला, तर साठवणीचा खर्च सोडूनही त्याला १,६०० रुपये भाव मिळाला पाहिजे, तरच तो बरोबरीत राहील. उरलेला कांदा ६५ क्विंटल असेल, तर हाच भाव सुमारे १,८४६ रुपयांवर जातो. म्हणजे घटीच्या अंदाजात शेकडा दहाची चूक झाली, की निर्णयात क्विंटलमागे जवळजवळ अडीचशे रुपयांची चूक होते. घट अधिक समजणारा शेतकरी भर आवकेत माल विकून टाकतो आणि घट कमी समजणारा नको तितका थांबतो.

ही घट मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. चाळ भरताना जाळीच्या दहा-बारा पिशव्यांत वजन करून कांदा भरावा, त्यांना खुणा कराव्यात आणि त्या चाळीच्या वर, मध्ये, तळाशी व कडेला अशा सर्व भागांत ठेवाव्यात. चाळ उघडताना ओलावा उडून घटलेले वजन, कोंब आलेला कांदा आणि सडलेला कांदा यांची नोंद वेगवेगळी करावी. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. एकूण घटीचा एकच आकडा लिहून ठेवला, तर हवा खेळती ठेवावी की काढणीनंतर कांदा अधिक सुकवावा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तुलनेवाचून निष्कर्ष नाही

पुरवठा साखळीतील सुधारणांचा परिणाम तपासताना सर्वांत अधिक होणारी चूक म्हणजे तुलनेचा अभाव. नवी सोय केली, भाव वाढला, म्हणून सोयीमुळे भाव वाढला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या वर्षी भाव सर्वत्रच वाढला असेल तर?

या दृष्टीने दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात भ्रमणध्वनीची सोय एकेका भागात क्रमाने पोहोचली. रॉबर्ट जेन्सन यांनी सोय आलेले आणि न आलेले भाग यांची तुलना करून २००७ साली दाखविले, की बंदरोबंदरीच्या मासळी-भावांतील तफावत पुष्कळ कमी झाली, न विकता फेकली जाणारी मासळी जवळजवळ नाहीशी झाली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्के वाढला आणि ग्राहकाचा भाव चार टक्के उतरला. यावरून भावाची माहिती दिली की शेतकऱ्याचे कल्याण झाले, असे कोणासही वाटेल. परंतु मार्सेल फाशाँ व बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत असाच प्रश्न यादृच्छिक प्रयोगाने तपासला. काही शेतकऱ्यांना बाजारभाव व हवामान यांचे लघुसंदेश पुरविले, इतरांना पुरविले नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की शेतकऱ्यास मिळणाऱ्या भावावर सरासरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. होडीत बसलेला कोळी भाव ऐकून होडीचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवू शकतो. गाडीभाडे, उचल आणि ओळखीचा आडत्या यांनी बांधलेल्या शेतकऱ्यास ते तितके सोपे आहे काय, हा प्रश्न या तुलनेतून उभा राहतो. एका ठिकाणचे यश दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे गृहीत धरू नये, ही शिकवण कोणत्याही योजनेच्या आरंभी उपयोगी पडावी.

बाजार आवारातील रांग

मोजमापाला विचाराची जोड मिळाली, की साधी नोंदही बोलू लागते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम असा आहे : आवारात सरासरी किती गाड्या उभ्या असतात, हे दर तासाला येणाऱ्या गाड्या आणि प्रत्येक गाडीचा सरासरी थांबा यांच्या गुणाकाराइतके असते. तासाला ३० गाड्या येत असतील आणि प्रत्येक गाडी चार तास अडकत असेल, तर आवारात सरासरी १२० गाड्या असणारच. अशा वेळी आवार अपुरे पडते म्हणून जागा वाढविण्याची मागणी होते. परंतु जागा वाढविल्याने थांबा आपोआप कमी होत नाही. लिलाव, तोलाई आणि हमाली यांपैकी वेळ नेमका कोठे जातो हे शोधून थांबा दोन तासांवर आणला, तर आहे त्याच आवारात ६० गाड्यांची जागा मोकळी होते. त्यासाठी फाटकावर आत येण्याची व बाहेर पडण्याची वेळ लिहून ठेवणे एवढेच प्रथम पुरे आहे.

काय करावे

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की उत्पादक कंपनीच्या कार्यालयात एक व्यवस्थापक व एक लेखनिक असतो, त्यांनी माल पाहावा की संशोधन करावे? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच सर्व काही मोजण्याचा आग्रह धरू नये. हंगामात एकच प्रश्न घ्यावा, तो ज्या निर्णयाशी निगडित आहे असाच घ्यावा आणि त्याचे उत्तर सभासदांच्या सभेत मांडावे.

कृषि विद्यापीठांची जबाबदारी अधिक मोठी आहे. प्रश्नावली वाटून शंभर जणांची मते गोळा करणे आणि त्यांची टक्केवारी काढणे, एवढ्यावर विद्यार्थ्याचा प्रबंध संपू नये. मताला स्थान आहे. परंतु माल किती सडला हे आठवून सांगणे आणि वजनकाट्यावर पाहणे यांत फरक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका मालाचा शेतापासून किरकोळ विक्रेत्यापर्यंत स्वतः बरोबर जाऊन प्रवास करावा, प्रत्येक टप्प्यावर वेळ, वजन व तापमान नोंदवावे आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी ग्राहकाने दिलेल्या किमतीशी ताडून पाहावी. विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणातही नमुना निवडीचे चार तास अवश्य असावेत. आणि ज्या शेतकऱ्यांकडून नोंदी घेतल्या, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत सांगणे हे कर्तव्य मानले जावे.

पीक वाढविण्याचे शास्त्र शेतकऱ्याने आत्मसात केले, कारण बांधावर त्याला त्याचा प्रत्यय आला. माल सांभाळण्याचे व पोहोचविण्याचे शास्त्रही तो आत्मसात करील. मात्र त्याच्यापुढे ऐकीव आकडे न ठेवता त्याच्याच चाळीत, त्याच्याच गाडीत आणि त्याच्याच बाजारात मोजलेले आकडे ठेवले पाहिजेत.