धावणाऱ्यांना काय द्यावे?

वार्षिक क्रीडामहोत्सवात ‘सर्वांसाठी पाच किलोमीटर धाव’ ठेवण्याची पद्धत अलीकडे बऱ्याच महाविद्यालयांत पडली आहे. पद्धत चांगलीच. खो-खो, कबड्डीच्या संघात ज्यांची वर्णी लागत नाही अशी शेदोनशे मुले-मुली त्या निमित्ताने मैदानावर येतात. पण या धावेच्या तयारीसाठी समिती बसते, तेव्हा सर्वांत जास्त वेळ कशावर जातो? मार्गावर नाही, पाण्याच्या सोयीवर नाही. भाग घेणाऱ्यांना काय भेट द्यायची यावर. आणि एवढा खल करून ठरते काय, तर टी-शर्ट आणि पदक!

टी-शर्टाच्या छातीवर सराफाचे नाव, पाठीवर खाजगी क्लासचे आणि बाहीवर कुठेतरी महाविद्यालयाचे. ही भेट कोणी कोणाला दिली म्हणायची? पाच किलोमीटर दुसऱ्याची जाहिरात अंगावर वागवणारा विद्यार्थीच खरा दाता! मापाचा घोळ वेगळाच. ठोक मागणीत मोठी मापे भरपूर येतात आणि किडकिडीत मुलीच्या वाट्याला गुडघ्यापर्यंतचा झगा येतो. शिवाय तो वाटायचा धावेच्या सकाळी. न धुतलेले कोरे कापड घामाने काखेत कसे काचते, हे धावणाऱ्यालाच ठाऊक.

पदकाचे म्हणाल, तर ती क्रमांकाची खूण. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा पहिल्याला रौप्यपदक मिळाले, दुसऱ्याला ब्राँझ; तिसऱ्याच्या हाती काहीच पडले नाही. एकाच साच्यातून काढलेली दोनशे पदके खिळ्याला टांगण्यापलीकडे काय कामाची? त्याच अथेन्समध्ये प्राचीन काळी पॅनाथेनिया उत्सवातल्या शर्यतींच्या विजेत्यांना ऑलिव्ह तेलाचे घडे मिळत. घरात वापरावे, नाहीतर विकून पैसे करावेत. मला हे अधिक शहाणपणाचे वाटते.

आणि अथेन्सला तरी कशाला जायचे? आपल्या जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हाती वाण पडते; पहिली कोण आली नि शेवटची कोण, हे कोणी विचारीत नाही. भाग घेणाऱ्यांची भेट ही या जातीची हवी.

माझी सूचना पायमोज्यांची आहे. हसू नका. खेड्यातून येणारी कितीतरी मुले कॅनव्हासचे बूट नुसत्या पायांवर चढवून धावतात आणि पुढचे चार दिवस फोड सांभाळत वर्गात लंगडतात. पायमोजे ताणले जातात, त्यामुळे मापाची कटकट जवळजवळ मिटते; त्यावर जाहिरात छापावी असेही कोणाला फारसे वाटणार नाही. फक्त ते नावनोंदणीच्या वेळीच द्यावेत, म्हणजे आठवडाभर सरावात वापरता येतील. धाव संपल्यावर लिंबाचे सरबत, दोन केळी आणि शेंगदाण्याची चिक्की. सोबत एका साध्या कार्डावर हाताने लिहिलेली वेळ. अडतीस मिनिटे, तर अडतीस मिनिटे. पुढल्या वर्षी छत्तीस करायची की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे.

मात्र एक गोष्ट समितीने कटाक्षाने पाळावी. होते असे, की पहिले पन्नास आले की टेबलाभोवती झुंबड उडते. पाहुण्यांच्या मुलांना, फोटोग्राफरला, स्वयंसेवकांच्या मित्रांना खाऊ जातो आणि पन्नास मिनिटांनी धापा टाकीत येणाऱ्या मुलीला रिकामी खोकी दिसतात. धावायची खरी हिंमत तर तिनेच केलेली असते! म्हणून नोंदणीइतकाच खाऊ क्रमांकवार बांधून वेगळा ठेवावा, स्वयंसेवकांचा हिशेब निराळा धरावा, आणि शेवटचे कार्ड लिहून होईपर्यंत घड्याळवाल्या प्राध्यापकांना चहाला बोलावू नये.