दोन विमानतळ, एकच दिशा

आकाशमार्गाने मोजल्यास बिदर आणि गुलबर्गा येथील विमानतळांमधील अंतर नव्वद किलोमीटरही भरत नाही. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या लहान प्रवासी विमानास, उड्डाण व अवतरण धरूनही, अर्धा तास पुरे. परंतु या दोहोंत थेट विमान नाही. हवाईमार्गानेच जाण्याचा हट्ट धरणाऱ्यास बिदरहून सुमारे ५२० किलोमीटर बंगळूर गाठावे लागे आणि तेथून सुमारे ४६० किलोमीटर गुलबर्ग्याकडे परत फिरावे लागे. शेजारच्या जिल्ह्यात जाण्याचा हा द्राविडी प्राणायाम!

नव्वद किलोमीटरांसाठी विमान द्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पूर्वी रेल्वेने जाणाऱ्यास विकाराबादचा फेरा पडे. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी हुमनाबादमार्गे लोहमार्ग खुला झाला आणि तो फेरा टळला. आमचा प्रश्न निराळा आहे. इतक्या जवळचे हे दोन विमानतळ प्रामुख्याने एकाच बंगळूरकडे तोंड करून का उभे राहिले? गुलबर्ग्याहून पूर्वी तिरुपती व दिल्लीनजीकच्या हिंडनलाही विमाने सुटली, हे खरे. पण हुलसूर, बसवकल्याण, भालकी या भागाचा नित्य राबता असलेल्या पुण्या-मुंबईचे काय?

गुलबर्ग्याचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि बिदरचे वायुदलाच्या तळावरील प्रवासी स्थानक फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले. पुढे बिदरच्या सेवेचे जे झाले ते प्रवाशांस ठाऊकच आहे. २०२२ च्या आरंभी ट्रूजेटची विमाने थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या कंपनीची सुरू झाली. २०२३ च्या अखेरीस तीही बंद पडली. आणि एप्रिल २०२५ मध्ये पुनश्च उद्घाटनाचे सोपस्कार झाले. जे विमान पुढील वर्षी असेल की नाही हे सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर कोणता व्यापारी व्यवहार ठरवील, कोणता रुग्ण शस्त्रक्रियेची तारीख घेईल?

केंद्राच्या ‘उडान’ योजनेत आरंभी सुमारे एका तासाच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या, उड्डाणास अडीच हजार रुपयांचे सवलतीचे भाडे ठरले. मार्गाला तूट भरून देण्याचे अर्थसाहाय्य मात्र तीनच वर्षांचे. भाड्याचा हिशेब असा आकाशातल्या तासावर होतो. हुलसूरच्या प्रवाशाचा तास घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. भालकीवरून बिदर गाठणे, आगाऊ हजर राहून तपासणीस उभे राहणे, उतरल्यावर बंगळूर शहरात शिरणे, या साऱ्यात सव्वा तासाचे उड्डाण हा प्रवासाचा सर्वांत लहान भाग ठरतो. गुलबर्ग्याचा विमानतळ तर शहराबाहेर श्रीनिवास सरडगीजवळ; हुलसूरहून तो आणखी लांब.

म्हणून दोन्ही विमानतळांचा विचार एकत्रच झाला पाहिजे. एकाने बंगळूर सांभाळावे, दुसऱ्याने मुंबई अथवा पुणे. एकाचे विमान सकाळी सुटावे, दुसऱ्याचे सायंकाळी. तीन वर्षांची मुदत सरताच मार्ग ओस पडणार असेल, तर राज्य सरकारने तुटीचा काही भार उचलावा. हे होईपर्यंत बिदरच्या विमानाच्या वेळेशी मेळ घालणारी एक सरकारी मोटार हुलसूरहून भालकीमार्गे सोडता येईल. तिला धावपट्टी लागत नाही.