सातवा मणका आणि सार्वजनिक खर्च

खेड्यापाड्यांतून क्ष-किरणचित्राला आजही सरसकट ‘फोटो’ म्हटले जाते. ‘मानेचा फोटो काढला, हाड मोडलेले नाही,’ एवढे कानांवर पडले की रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. शब्द सोयीचा आहे. परंतु त्याच्या पोटात एक गैरसमज दडलेला आहे. फोटोत समोरचे जे आहे ते यंत्र टिपते, माणसाने फक्त कळ दाबायची, अशी सर्वसामान्य समजूत असते. क्ष-किरणचित्र ही मुळात सावली आहे. कंदिलाच्या उजेडात हाताची बोटे वळवून भिंतीवर हरीण नाचविणाऱ्या मुलालाही ठाऊक असते, की दिवा, हात आणि भिंत यांतील एक जरी हलले तरी हरणाचे काहीतरी भलतेच होते. रुग्णालयातील अंधाऱ्या खोलीतही नियम हाच आहे. फरक इतकाच, की तेथे सावली बिघडली तर एखाद्याचे हातपाय कायमचे लुळे पडू शकतात.

हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. धुळे आणि जळगाव यांच्या दरम्यान, जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर (आताचा क्रमांक ५३) वसलेल्या पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावाच्या दृष्टीने तो सार्वजनिक खर्चाचाही प्रश्न आहे. महामार्गावर मोटारसायकली घसरतात. शेळ्यांसाठी निंबाचा पाला काढताना माणसे झाडावरून पडतात. विहिरीच्या कामावर कोणी तोल जाऊन कोसळतो. अशा प्रत्येक अपघातात पहिली शंका मानेची घ्यावयाची असते. या शंकेचे निरसन तालुक्याच्या गावी नीट झाले नाही, तर त्याचा भुर्दंड कोणी भरावयाचा?

खांद्याआड दडलेले हाड

मानेत सात मणके असतात. मान पुढे झुकवून बोटाने चाचपले असता मानेच्या तळाशी जो ठळक उंचवटा लागतो, तो सामान्यतः सातव्या मणक्याचा. हाताला इतक्या सहज लागणारा हा मणका चित्रात मात्र हमखास लपतो, कारण बाजूने किरण सोडले असता दोन्ही खांद्यांची जाड सावली त्याच्यावर पडते. म्हणून उभ्या किंवा बसलेल्या रुग्णाला खांदे सैल सोडून खाली ओढावयास सांगतात, दोन्ही हातांत सारखे वजन देतात आणि श्वास पूर्ण सोडून क्षणभर रोखावयास लावतात. खांद्यामुळे मान फिल्मला टेकू शकत नाही, त्यामुळे सावली मोठी आणि अंधुक होते. यावर उपाय म्हणून किरणांची नळी सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट, दूर ठेवतात. सातही मणके आणि त्याखालील छातीच्या पहिल्या मणक्याची वरची कड दिसल्याखेरीज ते चित्र पूर्ण मानले जात नाही.

समोरून चित्र घेताना हनुवटी किंचित वर आणि नळी डोक्याच्या दिशेने १५ ते २० अंश कललेली असावी लागते. एरवी जबड्याची सावली वरच्या मणक्यांवर पडते. पहिल्या दोन मणक्यांसाठी तर रुग्णाला तोंड उघडावयास लावून त्यातून किरण सोडतात. वरच्या दातांची कड आणि कवटीचा तळ एका रेषेत आले नाहीत, तर दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका दातांच्या वा कवटीच्या आड जातो. नेमक्या याच सुळक्याचा अस्थिभंग जिवावर बेतू शकतो.

अपघातग्रस्ताच्या बाबतीत हे सारे गणित उलटे होते. तेथे रुग्णाने यंत्रापुढे यावयाचे नसते, यंत्राने रुग्णाकडे जावयाचे असते. मानेचा पट्टा काढावयाचा नाही, रुग्णाला उठवावयाचे नाही, मान वळवावयाची नाही. तो आडवा असतानाच बाजूने आडवे किरण सोडावयाचे. वजने येथे वर्ज्य आणि हात खाली ओढावयाचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. चित्र चांगले यावे म्हणून मान सरळ करण्याचा मोह झालेल्या अर्धशिक्षित मदतनिसाने एका क्षणात केलेले नुकसान पुढे कोणतीही शस्त्रक्रिया भरून काढू शकेलच असे नाही.

भांडवल दिसते, कौशल्य दिसत नाही

यंत्र हे भांडवल आहे आणि ते हाताळणारा तंत्रज्ञ हे श्रम; ही दोन्ही साधने एकमेकांना पूरक आहेत, एकाच्या जागी दुसरे चालत नाही. नांगर दुप्पट केले आणि बैलजोडी एकच ठेवली तर नांगरट दुप्पट होत नाही. असे असूनही सार्वजनिक खर्चात यंत्राचे पारडे नेहमीच जड राहते. यंत्राचे उद्घाटन करता येते, त्याच्यासमोर फीत कापता येते. तंत्रज्ञाचे वेतन, त्याचे फेरप्रशिक्षण, त्याच्या रजेच्या काळात पर्यायी माणूस या गोष्टी वर्षानुवर्षांच्या आवर्ती खर्चात मोडतात, आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते.

ही काटकसर खोटी आहे. खांदे आडवे आले म्हणून चित्र पुन्हा काढावे लागले की किरणांची दुसरी मात्रा रुग्णाच्या शरीरात जाते. तरीही उलगडा झाला नाही की त्याला धुळ्याला किंवा जळगावला धाडतात. त्या प्रवासाचे भाडे, रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी, प्रसंगी सावकाराचे व्याज हा खर्च रुग्णालयाच्या कोणत्याही खातेवहीत दिसत नाही. तो मजुराच्या घरात पडतो. त्याहून महाग असते ते अपुरे असूनही पुरे मानले गेलेले चित्र. सातवा मणका दिसलाच नाही, ही गोष्ट ‘हाड मोडलेले नाही’ या वाक्यात बुडून जाते. चित्रच नसेल तर डॉक्टर निदान सावध तरी राहतो. अपुरे चित्र मात्र खोटा दिलासा देते.

आता संगणकीय यंत्रे आली आहेत, चित्र क्षणात शहरातील तज्ज्ञाकडे पाठविता येते, मग तंत्रज्ञाचे एवढे स्तोम कशाला, असे कोणी विचारील. संगणक चित्रातील उजेड कमीअधिक करील. खांदा बाजूला सारणे त्याला साधणार नाही. दूरच्या तज्ज्ञालाही जे सावलीत उतरले तेवढेच दिसणार. मोठ्या अपघातातील प्रौढ रुग्णासाठी सीटी स्कॅनच अधिक विश्वसनीय ठरला आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु तेथेही मानेला धक्का न लावता रुग्णाला फळीवरून मेजावर घेणारे शिकलेले हात लागतातच. आणि कोणाला तातडीने पुढे पाठवावयाचे याचा पहिला निर्णय बहुधा तालुक्यालाच करावा लागतो.

काटकसरीची खरी जागा

काटकसर करावयाचीच तर तिला शास्त्रशुद्ध जागा आहे. अमेरिकेतील २१ रुग्णालयांत ३४,०६९ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पाच साध्या कसोट्या तपासल्या : मानेच्या मध्यरेषेवर दाबले असता दुखत नाही, नशा नाही, शुद्ध पूर्ण आहे, हातापायांची शक्ती व संवेदना शाबूत आहे, आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक इजा नाही. या पाचही कसोट्यांना उतरणाऱ्या रुग्णाला चित्राची गरज बहुधा नसते. मानेला इजा झालेल्या ८१८ रुग्णांपैकी केवळ ८ जण या चाळणीतून निसटले. उलट सुमारे साडेबारा टक्के रुग्णांची चित्रे टळू शकली असती. नको ती चित्रे टाळून वाचलेला वेळ आवश्यक चित्रांवर खर्च करावा, हीच खरी मितव्ययिता होय.

यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. प्रत्येक रुग्णालयाने वाया गेलेल्या चित्रांची कारणांसह नोंदवही ठेवावी. मान टेकविण्यासाठी स्पंजाच्या उशा व वाळूच्या पिशव्या असाव्यात. पाच कसोट्या मराठीत भिंतीवर लावाव्यात. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आणि जळगावचे २०१८ पासून चालू आहे; तालुक्यांतील तंत्रज्ञांची वर्षातून काही दिवसांची उजळणी तेथे सहज घेता येईल. क्ष-किरण यंत्र पात्र व्यक्तीनेच चालवावे, असा १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहेच. तो पाळावयाचा तर ती पात्र व्यक्ती जागेवर असली पाहिजे, म्हणजेच तिचे पद भरलेले असले पाहिजे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला, परंतु त्यांनी त्याचे एकस्व घेतले नाही. शोध जगाला फुकट मिळाला. तो नीट वापरणारे हात मात्र फुकट मिळत नाहीत. त्या हातांची किंमत शासनाने मोजली नाही, तर ती निंबावरून पडलेल्या मजुराला मोजावी लागेल, आणि ती रुपयांत मोजता येण्यासारखी नसेल.