चाकावरचं घर कुणाच्या नावावर?

संघटनेसाठी गाडी घ्यायचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पैसा कुठून आणणार? आणि गाडीतून फिरणाऱ्या बाया गावातल्या बायांच्या जवळच्या कशा राहणार? त्यातून ‘झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी’ म्हटलं की तिसरी प्रतिक्रिया हसण्याची. कॅराव्हॅन नटनट्यांची, नाहीतर सुट्टीवर निघालेल्या पैसेवाल्यांची! सरकारनंही तिच्याकडे तसंच पाहिलं. कॅराव्हॅनविषयी केंद्राचं धोरण २०१० साली आलं, महाराष्ट्राचं २०२१ साली, आणि दोन्ही पर्यटनासाठी. खडकाळ रस्त्यांवर मुक्कामी काम करणाऱ्या बायांनाही अशी गाडी लागत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

माझं मत असं आहे की अशी गाडी चैन नाही, कामाचं साधन आहे. मात्र ती कुणी निवडली, कुणाच्या नावावर झाली आणि कुणाच्या हातात तिची चावी राहिली, यावर ती आपली होणार की नाही हे ठरतं.

आधी गरज पाहू. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात गाव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. २०२१ च्या सप्टेंबरात त्या घाटात दरड कोसळली आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याची बातमी राज्यभर गेली. ती बाई वाटेतच वारली. रस्ता हा बायांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण एसटी पाड्यावर जात नाही, आणि पाड्यावरच्या बाईला सवड मिळते ती रात्री जेवणं उरकल्यावर. तेव्हा परतीची गाडी कधीच निघून गेलेली असते. म्हणजे मुक्काम आलाच.

मुक्काम कुणाच्या तरी घरी. हे आपलं बळ आहे असं आपण मानतो, आणि ते खरंही आहे. तिच्या चुलीपाशी बसून जे कळतं ते सर्वेक्षणाच्या फॉर्ममधून कळत नाही. पण त्या पाहुणचाराचा भार कोण उचलतं? दोन कार्यकर्त्या आल्या की पाणी दोन हंडे जास्त, भाकऱ्या आठ-दहा जास्त, आणि घरातली एकुलती गोधडी पाहुणीला. हे सगळं करते ती घरातली बाईच. तिच्या श्रमाविषयी बोलायला जायचं आणि तिच्याच श्रमावर मुक्काम करायचा, यावर आपण फारशा बोलत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जिच्या अंगावर वळ आहेत तिनं बोलायचं कुठे? घरात नवरा, ओट्यावर सासरा, अंगणात शेजार. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला, २००६ मध्ये लागू झाला. पण त्या कायद्यापर्यंत पोचायची पहिली पायरी म्हणजे दार लावून अर्धा तास बोलायला मिळणं. आपली गाडी ही आतून कडी लागणारी खोली आहे. इतर सगळ्या सोयी एकीकडे आणि ही एक सोय दुसरीकडे.

तिसरी गोष्ट लघवीची. दौऱ्यावर निघालेली कार्यकर्ती सकाळपासून पाणी पीत नाही, आणि मग जळजळ, ताप, कंबरदुखी. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली आणि हा विषय चारचौघांत बोलता येऊ लागला. दौऱ्यावरच्या आपल्या कार्यकर्त्यांचा विचार मात्र आपण अजून करत नाही.

दिवाळीनंतर यातलीच कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पडावावर प्लॅस्टिकच्या पालात राहतात. तिथे पाहुणीला टेकायला ओटाही नसतो. बायांच्या मागोमाग पडावावर जायचं तर आपलं छप्पर आपण बरोबर न्यायला हवं.

आता निवड. ही गाडी माहितीपत्रकातल्या चित्रावरून निवडू नये, आपल्या रस्त्यावरून निवडावी. मागे जोडून ओढायची कॅराव्हॅन घाटात कामाची नाही. अरुंद वळणावर समोरून जीप आली की कुणाला तरी मागे जावं लागतं, आणि जोडलेली गाडी मागे घेणं सरावलेल्यालाही जड जातं. मोठ्या बसच्या सांगाड्यावरची गाडी पाड्याच्या रस्त्यावर वळतच नाही. टेम्पो ट्रॅव्हलरची आखूड बांधणी किंवा बोलेरोसारखी गाडी बरी. अशा गाड्यांचं काम येणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सापडतो. पार्ट पुण्याहून मागवावा लागणारी गाडी पावसाळ्यात चार महिने उभी राहील.

जमिनीपासूनची उंची पाहताना फक्त मधला भाग पाहू नका. मागच्या चाकांच्या मागे गाडीचं अंग किती लांबलंय ते पाहा. नाल्यात उतरून वर चढताना तीच शेपूट घासते. वजन खाली हवं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ती टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये, तळाशी बसवावी. टपावर सामान रचलं की गाडी वळणावर झुकते. एसी, टीव्ही, मोठा फ्रिज यांची गरज नाही. टपावर सोलरची एक हलकी पाटी, दोन दिवे आणि फोन चार्ज होण्याची सोय पुरे.

आतलं लाकूडकाम खडबडीत रस्त्यावर आधी खिळखिळं होतं. म्हणून पैसे देण्याआधी गाडी पूर्ण भरून वीस किलोमीटर कच्च्या रस्त्यावर न्या आणि मग प्रत्येक कप्पा, प्रत्येक कडी उघडून पाहा. संडास हलवता येणारा, खाली बंद टाकी असलेला हवा. ती टाकी नाल्यात रिकामी होणार नाही, याचा नियम पहिल्या दिवशीच करा. शेगडीजवळ हवा खेळती हवी. आणि झोपायच्या जागेवरून बाहेर न उतरता चालकाच्या जागेवर जाता आलं पाहिजे. रात्री कुणी दार ठोठावलं तर बाईला गाडी सुरू करून निघता यावं. ही अट बाजारातल्या माहितीपत्रकांत ठळक छापलेली दिसत नाही, कारण त्यांनी डोळ्यापुढे ठेवलेला प्रवासी एकटी बाई नसतो.

जुनी गाडी घेऊन आपल्याला हवी तशी बांधून घेणं स्वस्त पडतं. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बांधणीतल्या बदलाला आरटीओची मंजुरी लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो. हे काम ‘नंतर बघू’वर टाकू नये.

आणि आता मालकीचं. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा असा आग्रह धरला. सातबाऱ्यावर नाव नसेल तर राबणाऱ्या बाईला शेतात काही म्हणणं नाही, हे त्या मोहिमेनं गावोगाव पोचवलं. गाडीच्या आरसी बुकाला तोच न्याय लावायला हवा. बचतगटाच्या कर्जातून घेतलेली स्कूटी नवऱ्याच्या नावावर, संस्थेची जीप विश्वस्तांच्या दारात आणि चावी ड्रायव्हरदादांच्या खिशात, हे आपण पाहतो. दादांना वेळ नाही म्हणून बैठक रद्द होते. गाडी देणगीतून आली तरी नोंदणी संघटनेच्याच नावावर हवी, आणि ती कुठे, कधी जाईल हे ठरवण्याचा अधिकार दौरा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या समितीकडे हवा.

चालवणाऱ्याही आपल्यातल्याच, निदान दोघी. अडचण परवान्याची सांगितली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला साडेसात हजार किलोंपर्यंतचं वाहतूक वाहनही चालवता येतं. २०२३ पासून एसटीच्या चालकाच्या जागेवर बाया बसू लागल्या आहेत. उरते ती भीती, आणि ती शिकल्यानं जाते. नुसतं चालवणं नव्हे, चाक बदलणं, तेल पाहणं, पट्टा तुटला की ओळखणं हेही प्रशिक्षणात हवं.

गाडीनं अंतर पडेल हा आक्षेप मी हलका मानत नाही. पालात झोपणाऱ्या बाईसमोर आपण गादीवर झोपणार, हे टोचायलाच हवं. म्हणून घरोघरीचं जाणं-बसणं थांबवायचं नाही, फक्त आपला भार तिच्यावर टाकायचा नाही. गाडी वस्तीच्या मधोमध उभी राहील, तिचं दार बायांसाठी उघडं राहील आणि तिथल्या बायांना ती वापरता येईल, तर अंतर पडणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदाच्या वार्षिक सभेत गाडीचा विषय आला तर किमतीआधी तीन प्रश्न विचारा. ही गाडी कुठल्या रस्त्यासाठी आहे? कागदावर नाव कुणाचं? चावी कुणाकडे? ज्या घरात आयुष्यभर राबायचं ते घर आपल्या नावावर नसतं, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकींना आहे. निदान हे चाकावरचं घर तरी आपल्या नावावर असू द्या.