नळ आला, सांडपाण्याचे काय?

घरोघरी नळाने पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवून १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. तेव्हा देशातील सुमारे सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ मध्ये ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. हे यश निर्विवाद आहे. मात्र घरात आलेले पाणी वापरानंतर कोठे जाते, या प्रश्नाकडे त्या प्रमाणात लक्ष गेलेले नाही.

मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा आहे. त्यापैकी सुमारे ६५ टक्के पाणी न्हाणीघर, मोरी आणि धुण्याभांड्यातून सांडपाणी म्हणून बाहेर पडते. म्हणजे दीड हजार वस्तीच्या गावातून रोज ५० हजार लिटरहून अधिक सांडपाणी वाहणार. डोक्यावरून हंडे आणण्याच्या काळात हे पाणी परसातल्या केळी-अळूलाच पुरत नसे. आता ते रस्त्यावर येते.

यासाठी पैसाच नाही, असे म्हणता येत नाही. २०२० मध्ये मंजूर झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना सांडपाणी व्यवस्थापनासाठी दरडोई २८० रुपये ठरविण्यात आले. दीड हजार वस्तीच्या गावाला याप्रमाणे ४ लाख २० हजार रुपये मिळू शकतात. खर्चाचा ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून उचलावा, अशी ती तरतूद होती. प्रश्न आहे तो पैसा कशावर खर्च होतो, याचा.

ग्रामपंचायतींची पहिली पसंती बहुधा सिमेंटच्या गटाराला असते. गटार डोळ्यांना दिसते आणि त्याचे कंत्राट निघते. पण गटार पाणी शुद्ध करीत नाही, केवळ पुढे ढकलते. गावाबाहेर ते ओढ्यात मिळते आणि ओढ्याकाठी बहुतेक वेळा विहीर असते. त्यातच शौचालयाच्या सेप्टिक टाकीचा निचरा गटारात सोडला गेला, की साबणाच्या पाण्याचे रूपांतर रोगजंतूंच्या पाण्यात होते. खडकाच्या भेगांतून ते पुन्हा पिण्याच्या स्रोतापर्यंत पोहोचू शकते. एका योजनेने दिलेले पाणी दुसऱ्या योजनेचे गटार नासवते, असा हा उलटा प्रवास आहे.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने वेगळा मार्ग दाखविला. घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जागीच जिरविण्यात आले. उघडी गटारे हटली, तसे डासही हटले. पुढे रोजगार हमी योजनेची जोड मिळून हा प्रयोग 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला जाऊ लागला.

तथापि, हा उपाय सर्वत्र सारखाच लागू पडेल असे नाही. मुरमाड जमिनीत पाणी झटकन जिरते. काळी चिकण माती ओली होताच फुगते आणि खड्डा तुंबतो. कोकणात पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खड्ड्यात पाणी जिरायला वावच उरत नाही. अशा ठिकाणी बंदिस्त नळीने पाणी गावाबाहेर नेऊन स्थिरीकरण तळ्यात काही दिवस साठवणे अधिक योग्य ठरते. तेथे सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जिवाणू आपले काम करतात, विजेचा खर्च येत नाही आणि प्रक्रिया झालेले पाणी शेतीस देता येते. अडचण जागेची असते, आणि गायरानावरील अतिक्रमणांनी ती आणखी वाढते.

खरी कसोटी मात्र बांधकामानंतर लागते. राख, केस, खरकटे आणि साबणाचा मेण यांनी शोषखड्ड्याआधीची गाळटाकी भरते. ती वेळेवर उपसली नाही तर खड्डा निकामी होतो आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येते. हे काम कोणाचे आणि त्याची मजुरी कोणत्या खात्यातून द्यायची, याचे उत्तर अंदाजपत्रकात क्वचितच सापडते.

म्हणून नळजोडणी देतानाच त्या घराच्या सांडपाण्याची सोय तपासली गेली पाहिजे, आणि देखभालीची रक्कम पाणीपट्टीतच धरली पाहिजे. ग्रामसभेनेही किती मीटर गटार बांधले हे विचारण्याऐवजी ते कोठे संपते, हे विचारावे. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या गावाच्या हंड्यात येते. दोन्ही गावांचे आरोग्य या एका प्रश्नाशी बांधलेले आहे.