या वर्षी सहलीला आईलाही न्यावे



दरवर्षी सहल कुठे न्यायची यावर वर्गात भांडण होते. मुले म्हणतात मुंबई, मुली म्हणतात समुद्र. माझे मत वेगळे आहे. या वर्षी सहल आपल्या डोक्यावरच्या माथेरानलाच न्यावी, तिथल्या शार्लोट तळ्याला फेरी मारावी आणि आपल्याबरोबर घरच्या माणसांनाही न्यावे.

तुम्ही म्हणाल, माथेरान तर रोजचेच! मला पण असेच वाटत होते. मागच्या जानेवारीत आमचा वर्ग वर गेला. बाजारात माझी आई भाजीची पाटी पुढे घेऊन बसली होती. मी हात केला. ती म्हणाली, "जा गं, दरीकडं जाऊ नको." आम्ही तळ्यावर गेलो, खूप मजा केली. रात्री भाकरी करता करता आईने विचारले, "तळं केवढं हाय गं?" मला कसेसेच झाले. मी जन्मायच्या आधीपासून आई डोक्यावर चुंबळ ठेवून तो डोंगर चढते. मे महिन्यात जांभळे, करवंदे नेते. पण माल विकला की ती लगेच खाली उतरते, कारण घरी आम्ही असतो. तिने तळे पाहिलेलेच नाही. आपल्या वाडीतल्या कितीतरी आयांचे असेच असेल.

ही वाट छोट्यांनाही जमते. माथेरानात दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी आहे, म्हणून गाड्यांची भीती कमी. घोडा आला की बाजूला व्हायचे. लाल मातीची वाट, वर जांभूळ, हिरडा, अंजनीची सावली. मान वर करून बघत चालले तर शेकरूही दिसते. ते आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तळ्याजवळ ग्रामदैवत पिसरनाथाचे देऊळ आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांनी टेकावे. मग बांध बघायचा, पुढे एको पॉइंटला हाका मारायच्या. समोरच्या कड्यावर आवाज आपटून परत येतो, असे गुरुजींनी समजावले. शेवटी दुसऱ्या वाटेने बाजारात यायचे. एका वाटेने गेलो, दुसरीने आलो, म्हणजे तेच तेच बघावे लागत नाही. बसत, खात आम्हाला अडीच तास लागले. ज्यांना डोंगर चढवत नाही त्यांनी नेरळवरून गाडीने दस्तुरीपर्यंत यावे.

काही पालक म्हणतील, एक दिवसाची मजुरी बुडेल. हे खरे आहे. म्हणून माझे म्हणणे असे की सहल शनिवार-रविवारी ठेवू नये. तेव्हा पाहुणे फार असतात आणि धंदा पण तेव्हाच होतो. मंगळवार किंवा बुधवार बरा. पावसात वाट निसरडी होते, म्हणून जानेवारी चांगला. भात झोडून झालेले असते आणि ऊन पण सोसते. बसचे भाडे नाही. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी घरूनच न्यायची.

मात्र नियम पाळले पाहिजेत. तळ्याचे पाणी पिण्याचे आहे, त्यात उतरू नये, पाय धुऊ नयेत. तळे खोलही आहे. दरीच्या बाजूला मोठ्या माणसाने चालावे आणि लहानाचा हात धरावा. माकडांना खाऊ देऊ नये, नाहीतर ती पिशव्या ओढतात. वेफर्सची पाकिटे रानात टाकू नयेत. २००३ साली सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले आहे. पण नुसत्या कायद्याने काय होणार? पाकीट टाकणारा हात आपलाच असतो ना!

गाइड लोक सांगतात, मॅलेट साहेबाने १८५० साली माथेरान शोधले. माझे आजोबा हसतात. म्हणतात, "आपली माणसं काय तवा डोळे मिटून होती?" मला आजोबांचे पटते. डोंगर जसा पाहुण्यांचा, तसा आपलाही आहे. आपण वर फक्त पाटी घेऊनच का जायचे? एकदा रिकाम्या हाताने पण जावे, बांधाजवळ बसावे, पाणी बघावे.

मी आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला गं कसलं आलंय फिरनं?" पण ती नाही म्हणाली नाही. म्हणून गुरुजींना विनंती आहे की पालकसभेत हा विषय घ्यावा. आणि आज आलेल्या आयांनी आणि वडिलांनी आपले मत जरूर सांगावे.

एवढे लिहून मी माझा लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी