फुकटच्या बंबाचं बिल

कॅनडात नाहीतर इंग्लंडात स्थायिक झालेला एखादा चुलतभाऊ किंवा मावसबहीण वसईतल्या बऱ्याच घरांना असते. डिसेंबर उजाडला की फॅमिली ग्रुपवर त्यांचं रडगाणं सुरू होतं, ‘हिटिंगचं बिल बघून घाम फुटला!’ आपण इकडे हसतो. आपल्याला कुठे घर तापवायचंय? नंदाखालला थंडी पडून पडून पडणार किती? पहाटे स्वेटर चढतो आणि विरारची गाडी पकडेपर्यंत तो बॅगेत गेलेला असतो.

घर नसेल तापवायचं, पण पाणी तर आपण रोज तापवतो. थंडीत तापवतोच, आणि पावसाळ्यात भिजून आल्यावरही तापवतो. त्याचं बिल वेगळं येत नाही, एवढाच काय तो फरक. ते विजेच्या बिलात लपतं, सिलिंडर पाच दिवस आधी संपतो त्यात लपतं, नाहीतर आजीच्या खोकल्यात लपतं.

विरारकडच्या काही सोसायट्यांमध्ये पाइपचा गॅस आलाय. वाडीत राहणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. इथे घरं सुटी, दोन घरांच्या मध्ये केळी, माड, एखादी विहीर किंवा बावखळ. पाइप टाकणाऱ्याला एका टॉवरमागे शंभर गिऱ्हाइकं मिळतात. वाडीत तेवढंच खणून दोन मिळायची. त्यामुळे अशा घरांचा कारभार चालतो तिघांवर : लाल सिलिंडर, वीज आणि सरपण. आणि या तिघांपैकी कधी काय वापरायचं हे बहुतेक घरांत हिशोबाने ठरत नाही, सवयीने ठरतं. ज्याला घाई आहे तो गिझर लावतो, ज्याला बिलाची भीती आहे तो गॅसवर पातेलं चढवतो आणि जिला पहाटे पाचला जाग येते ती मागच्या पडवीत बंब पेटवते. सगळ्यात लांबलचक आंघोळ अर्थातच कॉलेजला जाणाऱ्याची असते. आणि यातलं काहीच माहीत नसतं तेही त्यालाच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की घरातल्या गरम पाण्याचा हिशोब आपण, म्हणजे कॉलेजवाल्यांनी, हातात घ्यावा. त्याला लागणारं गणित आठवीतलं आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. बादली २० लिटरची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीतल्या पहाटे २० अंशांच्या आसपास असतं असं धरा आणि आंघोळीला ४० अंश हवं. म्हणजे एका बादलीला ४०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे बादलीमागे अर्ध्या युनिटला थोडं कमी. पाच माणसांचं घर असेल तर दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट, महिन्याला ७० च्या आसपास.

आता खरी गंमत पुढे आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटला वहन आकार धरून मोटामोटी सहा रुपये पडतात, १०१ ते ३०० च्या टप्प्यात हाच आकडा अकराच्या पुढेमागे जातो. वर १६ टक्के वीज शुल्क. आपल्या घरांत फ्रिज, पंखे, विहिरीचा पंप आणि टीव्ही मिळून पहिले १०० युनिट केव्हाच संपलेले असतात. म्हणजे गिझरचे ७० युनिट सगळेच्या सगळे महागड्या टप्प्यात जाऊन बसतात आणि गरम पाण्याचे महिन्याला आठशे-नऊशे रुपये होतात. तेच ७० युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते तर पाचशेच्या आत भागलं असतं.

इथे एक गैरसमज मोडून काढायला हवा, कारण तो जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतो : ‘शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं.’ तसं नाही. पहिल्या शंभराला पहिलाच दर लागतो, महाग होतात ती फक्त वरची युनिटं. त्यामुळे १०१ वा आकडा बघून घाबरून मीटरपुढे हात जोडायची गरज नाही. पण वरचं प्रत्येक युनिट वाचवलं तर जवळजवळ दुप्पट पैसे वाचतात, हेही त्याच हिशोबातून निघतं.

गॅसचं काय? घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एका किलोत साधारण ११ हजार किलोकॅलरी, आणि आयएसआय शिक्का असलेली शेगडी त्यातले निदान ६८ टक्के भांड्यापर्यंत पोचवते. म्हणजे एका सिलिंडरमागे लाखभर किलोकॅलरी खऱ्या अर्थाने पाण्यात उतरतात. पाच जणांच्या महिन्याभराच्या आंघोळीला ६० हजार लागतात, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त सिलिंडर. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढला तेव्हा मुंबईतला दर ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. तो धरला तर हा खर्च पाचशेच्या जरा आत येतो. म्हणजे १०० युनिट ओलांडलेल्या घरात गॅसवर पाणी तापवणं विजेपेक्षा बरंच स्वस्त पडतं. १०० च्या आत राहणाऱ्या दोन माणसांच्या घरात मात्र दोन्ही सारखंच, मग उगाच पातेली कशाला उचलायची?

पातेली उचलण्यावरून आठवलं. स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत उकळतं पाणी कोण नेतं? आई नाहीतर काकी. भाजण्याची भीती, ओली फरशी, सकाळची घाई. हा खर्च कुठल्याच टप्प्यात मोजला जात नाही. घरात वीस वर्षांचा धडधाकट मुलगा असताना ते पातेलं आईने उचलावं, हे मला तरी पटत नाही.

पैसे न मोडता होणारी सगळ्यात मोठी बचत मात्र आपल्या परसात आहे. थंडीत विहिरीचं पाणी कोमट का लागतं? जमिनीखालचं पाणी हवेबरोबर पटकन गार होत नाही, ते वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं, आपल्याकडे २६-२७ अंश. आपण काय करतो, तर संध्याकाळी पंप लावून तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो, रात्रभर थंडीत गार करतो आणि सकाळी पैसे देऊन पुन्हा तापवतो. पंप पहाटे लावा, किंवा आंघोळीच्या बादल्या थेट विहिरीवरून भरा. २० ऐवजी २७ अंशांवरून सुरुवात झाली की बादलीमागची उष्णता ४०० वरून २६० वर येते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बचत. जुनी माणसं थंडीत विहिरीवरच आंघोळ उरकायची, त्यात नुसता कणखरपणा नव्हता.

आता बंबाकडे येऊ. यंत्र म्हणून तांब्याचा बंब फार हुशार आहे. मधोमध विस्तवाचं नळकांडं, भोवती पाणी. जाळाला पाण्याशिवाय दुसरीकडे जायला वाव कमी. उघड्या चुलीवर पातेलं ठेवलं की निम्म्याहून जास्त उष्णता बाजूने निघून जाते, बंबात तसं होत नाही. आणि जळण वाडीतलंच : करवंट्या, नारळाची सोडणं, वाळलेल्या झावळ्या, छाटलेल्या फांद्या. विकत काहीच आणायचं नाही. म्हणूनच सिलिंडर महागला की वाड्यांमधून सकाळी पुन्हा धूर दिसायला लागतो. मार्च २०२३ मध्ये मुंबईतला दर ११०० च्या वर गेला होता, तेव्हा अडगळीत टाकलेले बंब कित्येक घरांत परत बाहेर निघाले.

पण हे फुकट आहे का? झावळ्या ओढून आणायच्या, तोडायच्या, पावसाआधी पडवीत रचायच्या, पहाटे उठून फुंकायचं, राख काढायची, तांबं चिंचेने घासायचं. दिवसाचा सरासरी एक तास धरा. तासाला अवघे पन्नास रुपये लावले तरी महिन्याचे पंधराशे होतात, गिझरपेक्षा जास्त. हे पंधराशे आजी भरते. शिवाय धूर आहे. डोळे चुरचुरणं हा त्यातला किरकोळ भाग. धुरातले बारीक कण थेट फुप्फुसात जातात आणि ते रोज, वर्षानुवर्षं जातात.

‘गिझरचं पाणी अंगाला लागत नाही, बंबाचंच लागतं,’ असं आजी म्हणते आणि तिच्याकडून बंब काढून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. पहाटेचा विस्तव ही तिची जागा आहे. पण तो बंब बंद पडवीतून उघड्यावर आणणं आपल्या हातात आहे. जळण कोरडं ठेवणं आहे, कारण ओल्या सोडणाइतका धूर कशाचाच होत नाही. आणि पेटवण म्हणून दुधाच्या पिशव्या घालण्याची जी वाईट सवय सगळीकडे लागलीय, ती तर आजच बंद व्हायला हवी. प्लॅस्टिकचा धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी असतो. झावळ्या तोडायला आपण आठवड्यातून एक रविवार दिला तर जिमची फीही वाचेल, हे आपलं जाता जाता.

सरकारी योजनांमध्ये हे सगळं कुठे बसतं? उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, कोट्यवधी घरांत गॅस पोचला, ही मोठी गोष्ट आहे. पण २०२२-२३ मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनी वर्षाला सरासरी चारच्याही खाली सिलिंडर भरून घेतले. एवढ्यात वर्षाचा स्वयंपाकही होत नाही, आंघोळीचं पाणी तर लांबच. राज्यात २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेतून पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर झाले. चांगलंच आहे. पण या योजनांच्या नावांपासून जाहिरातींपर्यंत गॅस म्हणजे स्वयंपाक असंच चित्र असतं. पाणी तापवणं हीसुद्धा घराची गरज आहे, हे त्यात दिसत नाही. गॅस स्वयंपाकाला राखून ठेवायचा म्हणून पाण्याला चूल, असं घराघरांत चालतं आणि धूर काही जात नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी दोन गोष्टी. तुमचं हत्यार म्हणजे बादलीतला रॉड. दीड किलोवॅटचा रॉड २० लिटर पाणी अठरा-एकोणीस मिनिटांत तापवतो, म्हणून फोनवर अलार्म लावा; रील बघत बसलात की पाऊण तास जातो आणि मग त्या उकळत्या पाण्यात गार पाणी ओतत बसावं लागतं. पाणी तापलं का हे बोट घालून कधीच बघायचं नाही. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग हात. आणि ज्यांच्याकडे गॅसगिझर आहे त्यांनी तो न्हाणीच्या आत ठेवू नये, बाहेर मोकळ्या हवेत लावावा. गळणाऱ्या गॅसला वास येतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. बंद खोलीत अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. पैसे वाचवायच्या नादात अशी माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात असतात.

राहता राहिला सूर्य. वाडीत सुटं घर असण्याचा पाइपगॅसच्या बाबतीत तोटा झाला, तो इथे फायदा होतो : छप्पर पूर्णपणे आपलं. सौर बंबाला ना युनिट ना सिलिंडर. पण त्याची भलामण करताना लोक दोन गोष्टी गिळून टाकतात. एक म्हणजे आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे पाणी नीट तापणार नाही, तेव्हा जोडीला दुसरं काहीतरी ठेवावंच लागेल. दुसरी, माडांची सावली. सकाळी नऊ ते तीन छपरावर ऊन येतं का, हे आधी बघायचं, मग दुकानात जायचं. सुरुवातीचा खर्चही मोठा आहे. एके काळी सौर बंबावर केंद्राचं अनुदान होतं, ते दहा-एक वर्षांपूर्वी थांबलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये मिळतात, पण ते वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी. ज्या घराचं बिल दर महिन्याला दोनशे-तीनशे युनिटचं आहे त्यांना तेही परवडेल, कारण मग गिझरच सूर्यावर चालेल. ज्यांना नुसतं पाणीच तापवायचंय त्यांच्यासाठी मात्र साधा सौर बंब कमी जागेत जास्त काम करतो आणि त्यालाच मदत नाही, हे मला उलटं वाटतं.

आपल्या भागात जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं उठताहेत. टाइल्स, सीलिंग आणि गेटचं डिझाइन यांवर महिना महिना चर्चा चालते. तुमच्या घरी बांधकाम काढलं असेल तर प्लंबर येईल त्या दिवशी लेक्चर बुडवून घरी थांबा आणि गच्चीपासून न्हाणीपर्यंत गरम पाण्याची वेगळी लाइन टाकून घ्या. सौर बंब आज नाही बसवला तरी चालेल. लाइन नसेल तर मात्र पाच वर्षांनी त्याच टाइल्स फोडाव्या लागतात, आणि त्या फोडायला घरात कुणीच तयार होत नाही.